बाळे गावाचा हद्दवाढीपूर्वीचा इतिहास कसा शोधावा?

प्रश्न : गावठाणकर
नमस्कार. आमचे वडिलोपार्जित घर बाळ्याच्या जुन्या गावठाणात आहे. 1992 च्या हद्दवाढीत शेळगी, देगाव, सोरेगाव, मजरेवाडी यांच्याबरोबर बाळेही सोलापूर महानगरपालिकेत आले आणि ग्रामपंचायत संपली. गावाविषयी कोणालाही विचारले, तर खंडोबाची यात्रा आणि सोळा गावांचे सोलापूर झाल्याची कथा, एवढेच ऐकायला मिळते. बाळे त्या सोळांपैकी होते काय? आणि 1992 च्या मागे जायचे, तर सुरुवात कोठून करावी?

उत्तर : मोडीवाचक
सोळा गावांच्या प्रचलित यादीत अहमदपूर, फत्तेपूर, सोनलगी अशी नावे येतात. बाळे त्यात नाही. ती कथा जुन्या कसब्याची आहे, हद्दवाढीशी तिचा संबंध जोडू नये.

आपल्या प्रश्नातील एक गृहीत मात्र तपासावे लागेल. संपली ती ग्रामपंचायत. महसुली गाव संपलेले नाही. आजही तेथील शेतजमिनीच्या सात-बाऱ्यावर मौजे बाळे, तालुका उत्तर सोलापूर असेच लिहिलेले असते, जसे खुद्द शहराच्या जमिनींवर कसबे सोलापूर असते. म्हणून शोध फेरफारांपासून सुरू करावा. वारस, वाटणी, गहाण, खरेदी, कुळाचे नाव लागणे या साऱ्यांची नोंद त्यात क्रमाने होत गेल्यामुळे कोणते घराणे केव्हा गाव सोडून गेले आणि कोणते शिवार केव्हा बिनशेती झाले, हे एखाद्या बखरीपेक्षा तेथे अधिक विश्वासाने कळते. पाटलांचे वतन 1 जानेवारी 1963 पासून रद्द झाले. त्याआधीच्या नोंदींत वतनदार भेटतील. फार जुने कागद मोडीत असतील, त्यासाठी जाणकार सोबत घ्यावा.

उत्तर : आकडेमोड
लोकसंख्येचे आकडे वापरताना सावध राहावे. महापालिका हद्दीची लोकसंख्या 1991 मध्ये 6,04,215 होती, ती 2001 मध्ये 8,72,478 झाली. ही सगळी वाढ जन्मांची किंवा स्थलांतराची नव्हे. मधल्या काळात हद्दच सुमारे 33 चौरस किलोमीटरांवरून 178 वर गेली, आणि गावांत आधीपासून राहणारी माणसे एका अधिसूचनेने शहरवासी ठरली. बाळ्यापुरते पाहायचे असेल, तर त्याआधीच्या जनगणनांच्या जिल्हा पुस्तिकांतील गावाची स्वतंत्र ओळ पाहावी.

उत्तर : उत्तर कसबा
यात्रेला ‘एवढेच’ म्हणू नये, असे मला वाटते. मार्गशीर्षात चंपाषष्ठीच्या सुमारास बाळ्यात भरणाऱ्या यात्रेत कोणता मान कोणत्या घराण्याकडे आहे आणि तो कोणाकडून आला, हे वयस्कर मानकऱ्यांना विचारून लिहून घ्यावे. कागदावर जमीनधारक येतात. बलुतेदार आणि भूमिहीन घरे बहुधा अशा मानपानाच्या आठवणींतच सापडतात. दोन घरांचे सांगणे जुळले नाही, तर दोन्ही लिहावे.

गावठाणकर
आभारी आहे. आमच्या आजोबांच्या नावाचा फेरफार क्रमांक घरातील जुन्या सात-बाऱ्यावर आहे. तहसील कार्यालयात त्याच्या नकलेसाठी अर्ज करतो.