अंतराळातलं 'सहकार्य', 'भागीदारी' आणि 'करार'

प्रश्न : अंतराळ मोहिमांच्या बातम्यांत हे तीन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. फरक करावा का? आणि चांद्रमोहिमांसाठी अमेरिकेच्या पुढाकाराने आखलेल्या 'आर्टेमिस अकॉर्ड्‌स'ला 'आर्टेमिस करार' म्हणणं बरोबर आहे का?

उत्तर : फरक करायलाच हवा. भागीदार म्हणजे ज्याचा वाटा नफ्यातही आहे आणि तोट्यातही. या कसोटीला पुरेपूर उतरतं ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. १९९८ साली १५ देशांनी त्याच्या करारावर सह्या केल्या. रशियन विभागाला बरीचशी वीज अमेरिकी सौरपंखांकडून मिळते, तर स्थानकाची कक्षा उंचावण्याचं काम प्रामुख्याने रशियन इंजिनं करत आली आहेत. २०२२मध्ये युक्रेन युद्धामुळे दोन्ही सरकारांतून विस्तव जात नव्हता. तरी सप्टेंबरात अमेरिकेचे फ्रँक रुबिओ रशियाच्या सोयुझ यानातून गेले आणि ऑक्टोबरात रशियाच्या आना किकिना अमेरिकेच्या ड्रॅगन यानातून. आसनाला आसन, पैशांची देवघेव नाही. इथे 'सहकार्य' म्हटलं तर शब्द तोकडा पडतो.

१९७५ची अमेरिका आणि सोव्हिएत संघाची अपोलो-सोयुझ मोहीम मात्र सहकार्यच, एका कामापुरतं. त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तोवर यानं जोडताना एकाचा दांडा दुसऱ्याच्या शंकूत शिरायचा, म्हणजे एक शिरणारं आणि दुसरं झेलणारं. या मोहिमेसाठी मुद्दाम अशी कडी घडवली, की दोन्ही बाजू सारख्याच आणि पुढाकार कुणीही घ्यावा. कमीपणा कुणाकडेच नको, हे अभियंत्यांनी पोलादातच सोडवलं.

आता 'करार'. मराठीत करार म्हटला की बंधन आलं. मोडला तर जाब द्यावा लागतो. १९६७चा बाह्य अवकाश करार तसा आहे. आर्टेमिसचा दस्तऐवज तसा नाही. २०२०मध्ये आठ देशांनी आणि २०२३मध्ये भारतानेही सही केलेली ती तत्त्वं कायद्याने बांधून घालत नाहीत. मी 'आर्टेमिस सहमती' लिहितो.

शंका : मग चीन-रशियाच्या नियोजित चांद्र संशोधन केंद्राला 'युती' म्हणावं का? अमेरिकेच्या विरोधातलीच ती फळी ना?

उत्तर : चढाओढ आहे, हे खरंच. २०११पासून अमेरिकी कायद्यानेच नासाला चीनशी थेट द्विपक्षीय काम करायला मज्जाव केला आहे. खास परवानगीशिवाय ते करता येत नाही. चीनने पुढे स्वतःचं तियानगोंग स्थानक उभं केलं. पण युतीत माणूस एका वेळी एकाच बाजूला असतो, आणि थायलंड २०२४मध्ये आधी चीनच्या चांद्र केंद्रात सामील झाला, डिसेंबरात आर्टेमिसवरही सही करून मोकळा झाला. दोन्ही दारं उघडी ठेवणाऱ्या अशा देशांमुळे 'युती' आणि 'फळी' हे शब्द इथे टिकत नाहीत. 'प्रकल्प' हा साधा शब्द पुरेसा आहे.

जाता जाता, 'तंत्रज्ञान हस्तांतर' हा शब्दही जपून वापरावा. १९९३मध्ये अमेरिकेच्या दबावाखाली रशियाने भारताला क्रायोजेनिक (अतिथंड द्रवरूप इंधनावर चालणारी) इंजिनं बनवण्याची विद्या द्यायचं नाकारलं, फक्त तयार इंजिनं पुरवायचं मान्य केलं. त्याला 'खरेदी' म्हणतात.