नेत्याची खोटी पदवी इतकी वर्षं कुणालाच कशी कळत नाही?

रात्रीचा_अभ्यास

मी वयाच्या 34व्या वर्षी बी.ए. झाले. दिवसा नोकरी, रात्री अभ्यास, इंग्रजीत दोनदा नापास. प्रमाणपत्र हातात पडलं तेव्हा आधी नावातल्या वेलांट्या तपासल्या, कारण चूक निघाली तर दुरुस्तीसाठी पुन्हा खेटे घालायचं त्राण उरलं नव्हतं.

म्हणून एखाद्या मंत्र्याची पदवी खोटी निघाल्याची बातमी आली की मला ती राजकारणाची बातमी वाटतच नाही. आपल्याच घरात चोरी झाल्यासारखं वाटतं. साध्या कारकुनाच्या जागेला मूळ कागद दाखवावे लागतात, मग ही माणसं दहा-दहा वर्षं निभावून कशी नेतात? आणि निवडणूक लढवायला पदवी लागतच नसेल, तर खोटं बोलतात तरी कशाला?

माझा भाऊ म्हणतो, "काम करतोय ना माणूस? मग पदवीचं काय घेऊन बसलीस?" मला त्याला उत्तर देता आलं नाही. कुणाला नीट माहीत असेल तर सांगा.

वकिली_डायरी

आपल्याकडे खासदार-आमदार व्हायला शिक्षणाची अट नाही, हे बरोबर. पण उमेदवाराला शपथपत्रात शिक्षण लिहावं लागतं. निवडणूक निर्णय अधिकारी शपथपत्र पूर्ण भरलंय का ते पाहतो, विद्यापीठाला पत्र टाकून खात्री करून घेत नाही. खोटी माहिती दिली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 125अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. निवड रद्द करून घ्यायची तर निकालानंतर 45 दिवसांत याचिका टाकावी लागते. एवढ्या थोड्या दिवसांत हरलेला उमेदवार सोडला तर धावपळ करणार कोण?

तरी काही प्रकरणं तडीला जातात. मणिपूरच्या मोइरांग मतदारसंघातल्या उमेदवाराने म्हैसूर विद्यापीठाची एम.बी.ए. लिहिली होती. नंतर म्हणाला, लिहिणाऱ्याच्या हातून चूक झाली. पण 2008 च्या अर्जातही त्याने तेच लिहिलेलं निघालं. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये निवड रद्दच ठेवली. उमेदवाराचं शिक्षण खरं काय, हे कळणं मतदाराचा हक्क आहे, असं त्या निकालात स्वच्छ म्हटलंय. भावाला हा निकाल वाचायला द्या.

निकालवही

ताई, मी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात 27 वर्षं काढली, त्यातली शेवटची 11 पडताळणीच्या टेबलावर. निभतं कसं, याचं उत्तर त्या खुर्चीतून देतो. कुणी विचारतच नाही. नोकरीला लागलेल्या मुलांचे कागद कंपन्या आमच्याकडे पाठवायच्या, परदेशी शिकायला जाणाऱ्यांचे यायचे. निवडून आलेल्या माणसाचा कागद माझ्या टेबलावर 11 वर्षांत एकदाच आला, तोही विरोधकाने अर्ज केला म्हणून.

तो कागद अजून डोळ्यांपुढे आहे. झेरॉक्सची झेरॉक्स, शिक्का काळा पडलेला. पहिली खोट सहीत दिसली. खाली ज्या कुलगुरूंची सही होती, ते त्या तारखेला कुलगुरू झालेच नव्हते, दीड वर्षाने आले. पण नुसत्या सहीवरून शेरा मारायचा नाही, मूळ निकालवही उघडायचीच, हा आमच्या साहेबांचा दंडक. रेकॉर्ड रूममधून वही आणली, कापडी बांधणीची, दोन्ही हातांनी उचलावी लागणारी. बैठक क्रमांकावर पट्टी ठेवली तर तिथे एका मुलीचं नाव. उन्हाळी परीक्षेत एका विषयात नापास, हिवाळी परीक्षेत तो विषय निघालेला, तसा लाल शाईने शेरा.

मी बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसलो. खोटी पदवी हवेतून येत नाही, बैठक क्रमांक कुणाचा तरी उचलावा लागतो. दिल्लीचे कायदामंत्री जितेंद्रसिंह तोमर यांना जून 2015 मध्ये अटक झाली, तेव्हा भागलपूरच्या विद्यापीठाने न्यायालयाला हेच कळवलं होतं: त्यांच्या तात्पुरत्या प्रमाणपत्रावरचा अनुक्रमांक दुसऱ्याच विद्यार्थ्याला दिलेला आहे. जानेवारी 2020 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांची 2015 ची निवड रद्द ठरवली. तोवर त्या विधानसभेची मुदत संपत आली होती. माझा जीव तळमळतो तो इथे. वही उघडायला अर्धा तास पुरतो आणि निकाल यायला पाच वर्षं लागतात.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. जर्मनीत पेट्रा हिंत्स नावाच्या खासदार होत्या. शाळेची अंतिम परीक्षा आणि कायद्याची पदवी, दोन्ही बनावट. 2005 पासून संसदेत बसल्या, उघडकीला आलं 2016 मध्ये. अमेरिकेत संसदेच्या निवडणुकीला उभ्या राहिलेल्या जॉर्ज सँटोस यांनी बारूक कॉलेजची पदवी सांगितली होती. एका छोट्या स्थानिक साप्ताहिकाने निवडणुकीआधीच त्यांच्याबद्दल शंका काढल्या होत्या, पण तिकडे कुणी लक्ष दिलं नाही. निवडून आल्यावर मोठ्या वृत्तपत्राने कॉलेजला विचारलं, आणि कॉलेजकडे नोंदच नाही! 1 डिसेंबर 2023 ला सभागृहाने 311 विरुद्ध 114 मतांनी त्यांना काढलं.

जिथे कुणीतरी वेळेवर विचारतं, तिथे फार वेळ लागत नाही हेही खरं. ब्राझीलमध्ये जून 2020 मध्ये कार्लोस देकोतेली यांचं नाव शिक्षणमंत्री म्हणून जाहीर झालं. अर्जेंटिनातल्या रोसारिओ विद्यापीठाची डॉक्टरेट ते सांगत होते. तिथल्या कुलगुरूंनीच जाहीर केलं की ती त्यांना मिळालेली नाही. पाच दिवसांत त्यांना बाजूला व्हावं लागलं.

मुद्दा_वेगळा

मी भावाच्या बाजूने थोडं बोलतो. पदवीचा हा सोस आपणच वाढवलाय. पाकिस्तानात 2002 मध्ये कायदेमंडळाच्या उमेदवाराला पदवीची सक्ती केली. परिणाम काय झाला? खोट्या पदव्यांचं पीक आलं. 2008 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली, पण फेब्रुवारीतली निवडणूक तिच्याखालीच झाली होती. 2010 मध्ये सगळ्यांच्या पदव्या तपासायला घेतल्या तेव्हा एकेक बाहेर पडू लागलं. बलुचिस्तानचे मुख्यमंत्री अस्लम रायसानी तर उघड म्हणाले, पदवी ही पदवी असते, खरी असो की खोटी. अट नसती तर ही माणसं खोटं बोललीच नसती, असं मला वाटतं.

निकालवही

अट नसावी हे मलाही पटतं. सातवी शिकलेला माणूस उत्तम कारभार करू शकतो, तसा कारभार मी पाहिलाय. पण अट नसतानाही खोटं बोलतात, त्याचं काय? हंगेरीचे राष्ट्राध्यक्ष पाल श्मिट यांचंच घ्या. तलवारबाजीत 1968 आणि 1972 ची सांघिक ऑलिंपिक सुवर्णपदकं गळ्यात पडलेला माणूस. त्यांना डॉक्टरेटची काय गरज होती? प्रबंधाचा बराचसा भाग दुसऱ्यांच्या लेखनातून उतरवलेला निघाला, 2012 मध्ये विद्यापीठाने पदवी काढून घेतली आणि पाठोपाठ राष्ट्राध्यक्षपद गेलं.

हा प्रकार मात्र निराळा आहे, त्याची गल्लत करू नये. तिथे वहीतली नोंद खरी असते, प्रबंध चोरीचा असतो. माझ्या टेबलावर तो कधीच पकडला गेला नसता. जर्मनीचे संरक्षणमंत्री गुटेनबर्ग 2011 मध्ये पकडले गेले ते लोकांनी प्रबंधाचं पानन् पान मूळ लेखांशेजारी मांडून इंटरनेटवर टाकलं म्हणून. दोन वर्षांनी तिथल्या शिक्षणमंत्री शावान यांची 1980 ची डॉक्टरेट गेली आणि चार दिवसांत मंत्रिपदही.

पदवी कशाला हवी, याचं माझ्या परीने उत्तर: नावापुढे ‘डॉक्टर’ लागलं की समोरचा आवाज खाली करतो. इराणचे गृहमंत्री अली कोर्दान यांनी 2008 मध्ये ऑक्सफर्डची मानद डॉक्टरेट पुढे केली. त्या कागदावर इंग्रजी स्पेलिंगच्या ढोबळ चुका होत्या. ऑक्सफर्डने हात झटकले, नोव्हेंबरमध्ये संसदेने 188 मतांनी त्यांना घरी पाठवलं. कागद वाचता येणारा कुणीही तिथेच अडला असता. पण मंत्र्याच्या हातातला कागद वाचायची हिंमत लागते, आणि तिची अपेक्षा ऑफिसातल्या कनिष्ठ माणसाकडून आपण धरतो.

तुमच्या भावाला एवढंच विचारा. जो माणूस वहीत सापडणारं खोटं बेधडक लिहितो, तो रस्त्याच्या बिलाबद्दल खरं लिहीत असेल हे कशावरून मानायचं?

रात्रीचा_अभ्यास

भावाला तुमचा वहीचा किस्सा वाचून दाखवला. तो गप्प बसला, वाद घातला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "त्या मुलीला कळलं का गं?" माझ्याही मनात तेच होतं. कळलं का तिला?

निकालवही

नाही कळलं. आम्ही पाठवलेलं पत्र साडेतीन ओळींचं होतं. "सदर बैठक क्रमांकाची नोंद या कार्यालयाच्या अभिलेखात अन्य विद्यार्थिनीच्या नावे असून, सोबतचे प्रमाणपत्र या विद्यापीठाने दिलेले नाही." मी मसुद्यात तिचं पूर्ण नाव घातलं होतं. साहेबांनी खोडलं. दुसऱ्या विद्यार्थ्याची माहिती बाहेर द्यायची नाही हा नियम, आणि तो योग्यच आहे. पत्र जावक क्रमांक पडून गेलं. वही परत ठेवायला मी शिपायाला न पाठवता स्वतः गेलो.