खारातल्या शेतात जीन एडिट केलेलं भात लावावं का?

खारपाट_पेण
मंडळी जरा मदत करा. पेणकडे खाडीला लागून आमची सव्वा एकर खार जमीन आहे. गेल्या पावसाळ्यात उधाणाला बांधाला खांड गेली, खारं पाणी तीन दिवस शेतात उभं आणि पेरलेला रहू (मोड आणलेलं भात) सगळा करपला, नंतर पाणी उतरल्यावर ढेकळांवर पांढरं मीठ फुललेलं नुसतं हाताने पुसता येत होतं. आता बाबांनी कुठेतरी वाचलंय की सरकारने खाऱ्या जमिनीसाठी जीन बदललेलं भात काढलंय, तेव्हापासून एकच धोशा, ते बियाणं आण. आत्या म्हणते ते बीटी आहे, असलं घरात शिजवायचं नाही. गंमत म्हणजे हीच आत्या रोज सकाळी पोटात इन्सुलिन टोचून घेते. तर हे बीटीच आहे का, आणि लावावं का?

दापोली_अ‍ॅग्री
बीटी नाही रे. बीटी कापसात (२००२ पासून आपल्याकडे आहे) मातीतल्या एका जिवाणूचा जीन आणून घातलाय, त्यामुळे झाडच बोंडअळीला मारक प्रथिन बनवतं. तुझे बाबा म्हणतायत ते पुसा डीएसटी राइस १ असणार, मे २०२५ मध्ये कमला नावाच्या दुसऱ्या भातासोबत जाहीर झालं. मूळ वाण एमटीयू १०१०. त्यात बाहेरचं काही टाकलेलं नाही, क्रिस्पर नावाच्या जीन कापायच्या कात्रीने त्याचाच डीएसटी नावाचा जीन बंद पाडलाय. हा जीन झाडाच्या दुष्काळ आणि मीठ सोसण्याच्या ताकदीला ब्रेक लावून ठेवतो, तो ब्रेक काढला एवढंच. असा बदल निसर्गात आपोआपही होऊ शकतो म्हणून मार्च २०२२ मध्ये सरकारने अशा पिकांना जीएमच्या (बाहेरचा जीन घातलेल्या पिकांच्या) कडक नियमांतून मोकळं केलं. खाऱ्या आणि चोपण जमिनीत ९.६६ ते ३०.४ टक्के जास्त उत्पन्न असा सरकारी दावा आहे, पण त्या चाचण्यांच्या आकड्यांवर काही संघटनांनी आक्षेप घेतलाय तेही बाबांना सांग. आणि जाहीर झालं म्हणजे दुकानात आलं असं नसतं, आधी ब्रीडर, मग फाउंडेशन, मग सर्टिफाइड, एवढ्या पायऱ्या उतरून बियाणं आपल्या हातात येतं.

आत्याचं म्हणशील तर माणसाचा इन्सुलिनचा जीन जिवाणूत घालून ते बनवायला लागले १९८२ पासून, त्याआधी डुकराच्या नाहीतर गाईच्या स्वादुपिंडातून काढायचे. तिला हे सांगू नकोस, उगाच इंजेक्शन बंद करेल 😅

खारपाट_पेण
सांगितलं ऑलरेडी. म्हणाली औषध वेगळं, पोटभर जेवण वेगळं. यावर मला उत्तर सुचलं नाही.

वेंगुर्ल्याचो_झील
आत्येचा काय चुकला? औषध डॉक्टर देता, गरज असता म्हणून आपण घेतंव. भात तिका न इचारता ताटात येतला. माझा म्हणणा एकच, बियाणा कोणाचा ता आधी इचार.

म्हणजे सगळ्यांना कळेल असं लिहितो. २०१० मध्ये बीटी वांगं आलं तेव्हा निदान जाहीर सुनावण्या झाल्या, लोक तावातावाने भांडले आणि मग तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी ते थांबवलं. एडिट केलेल्या भाताला तसलं काही झालंच नाही, नियमातून सूट म्हटल्यावर संपलं. क्रिस्परची मुख्य पेटंटं परदेशात आहेत. आपल्या २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला बी राखून ठेवायचा, पेरायचा, शेजाऱ्याला द्यायचा हक्क आहे, तो या बियाण्यावर जसाच्या तसा राहणार का हे बिलाच्या कागदावर लिहून मिळालं तर मी पहिला लावीन. तोपर्यंत आमचं जुनं बरं.

रत्नांग्री_हापूस
जुनं बरं वगैरे ठीक आहे पण आपण हापूसवाले कलम बांधतो म्हणजे क्लोनच करतो ना, सगळी बाग एकाच झाडाची नक्कल. मला तर कोणी साका न होणारा हापूस एडिट करून दिला तर डोळे मिटून घेईन. पेटी फोडून गिऱ्हाईकासमोर आंबा कापला आणि आत पांढरट स्पंज निघाला की काय तोंड होतं ते विचारू नका.

दापोली_अ‍ॅग्री
साका नसलेला आंबा आहे की, नाव त्याचं रत्ना. नीलम आणि हापूसचा संकर, १९८१, आमच्याच विद्यापीठाचा, कात्री न लावता. तुम्ही लोकांनी किती लावला? बाजाराला हापूस हे नाव हवंय. आणि साका एका जीनचा खेळ नाही, दुपारची जमिनीची धग फळाला लागणं हेही त्यात आहे, झाडाखाली गवत अंथरलं तरी फरक पडतो.

खारपाट, एक राहिलं. भातात परागीभवन बहुतेक स्वतःचं स्वतःच होतं, पण पूर्ण नाही. तळ्याकाठी जे रानटी देवभात उगवतं, ऋषिपंचमीला खातात ते, त्याच्यात मीठ सोसायचा गुण गेला तर उद्या तेच तण म्हणून खारात शिरेल का, हा प्रश्न मला आत्याच्या ताटापेक्षा मोठा वाटतो.

लॅबवाली_चिपळूण
शेतीतलं कळत नाही पण माणसाचं सांगते. थॅलेसेमियाच्या पोराला दर काही आठवड्यांनी रक्त चढवताना बघितलंय, शीर सापडेपर्यंत तो आईचा पदर चावत असतो. त्यावरच्या क्रिस्पर उपचाराला ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ ला मान्यता मिळाली, अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर. तो बदल त्या पेशंटच्याच रक्तपेशींपुरता. चीनमध्ये २०१८ ला हे जियानकुई नावाच्या शास्त्रज्ञाने गर्भातच जीन बदलून जुळ्या मुली जन्माला घातल्या, तो बदल त्यांच्या पोराबाळांतही जाऊ शकतो, त्यासाठी त्याला तीन वर्षं तुरुंग झाला. कात्री तीच. त्यामुळे जीन बदलला म्हणून वाईट असं मी म्हणणार नाही, कोणाला विचारून बदलला ते बघीन.

जुना_खोत
खारपाट, तू पनवेलच्या खारभूमी केंद्रात गेलायस का कधी? पनवेल-१, २, ३ ही खाऱ्या जमिनीचीच भातं आहेत, पनवेल-१ मध्ये तर आपल्या भुऱ्या रात्याचंच, खारातल्या जुन्या भाताचंच रक्त आहे. आणि रागावू नकोस पण तीन दिवस समुद्राचं पाणी उभं राहिलं तर क्रिस्परचं भात असो की ब्रह्मदेवाचं, कोवळं रोप जाणारच. पूर्वी जोळ (बांध राखायची गावकीची पद्धत) होता, घरटी एक माणूस बांधावर जायचाच, खांड दिसली की त्याच भरतीच्या आत चिखल टाकायचे. आता उघाडीची (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची) फळी कुजली तरी सगळे सरकारी माणसाची वाट बघत बसतात.

खारपाट_पेण
काका बरोबर आहे, आमची खांड अजून अर्धीच बुजवलीय. पनवेलला फोन करतो. बाबा म्हणतात आधी पनवेल-३ लावू, नवीन आलं की दोन गुंठ्यात बघू. आत्याची अट अशी की वरच्या तुकड्यात पेजेपुरता राता राहिलाच पाहिजे, आणि त्याचं बी ती स्वतःच्या हाताने काढणार. रविवारी ओहोटी सकाळी आहे, बांधावर कोण येतंय?