नांदेडात विकायला आलेला हुक्का: चांदी, बिदरी आणि सरपोशावरचं १३१०

गोदातीर: बिदरीची फरशी (हुक्क्याचं पाण्याचं भांडं), वर चांदीची चिलीम, जाळीचं सरपोश (चिलमीचं झाकण) आणि मुखनळी असा हुक्का विकायला आला आहे. सरपोशाच्या कडेला फारसी आकड्यांत १३१० कोरलंय. विकणाऱ्याच्या मते तो हैदराबादच्या मीर उस्मान अली खान निजामांसाठी घडवलेला. चांदी खरी का, हे न घासता कळेल का? फरशी पांढरट पडलीय, चिंच लावून उजळवू का?

कसोटी: चिंच, लिंबू, पीतांबरी, काहीही नको! बिदरीत जस्त मुख्य, तांबं थोडंसं. बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर उकळून त्या जस्तावर काळा रंग चढवतात, चांदीची तार तशीच पांढरी राहते. आंबट लागलं की काळा रंग उतरून फरशी राखाडी होते आणि तो परत चढवायला कारागीरच लागतो. कोरड्या सुती फडक्यानं पुसा, मग खोबरेल तेलाचा एक थेंब चोळा. पुष्कळदा तेवढ्यानंच काळेपणा परत येतो.

चांदी उजळवायचा फॉइल आणि खाण्याच्या सोड्याचा उपायही टाळा. नक्षीच्या खाचांतला जुना काळेपणा निघतो आणि काम सपाट दिसायला लागतं. शिवाय पोकळ भागात लाख भरलेली असली तर गरम पाण्यानं ती वितळते.

तोळामासा: चांदीसाठी सरपोश घ्या, कारण ते एकसंध धातूचं असतं. काटा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. आधी कोरडं वजन करा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. सरपोश दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. कोरड्या वजनाला आता दिसणाऱ्या आकड्यानं भागा. २०६ ग्रॅमच्या वस्तूला आकडा २० आला तर भागाकार १०.३, म्हणजे चांगली चांदी. २४ च्या आसपास आला तर पितळ किंवा जर्मन सिल्व्हरवर (चांदी नसलेला तांबं-निकेल-जस्ताचा मिश्रधातू) मुलामा समजा. जाळीत बुडबुडे अडकले तर खरी चांदीसुद्धा हलकी दिसते, म्हणून पाण्यात हलवून दोनदा मोजा. नैचा (मधली दांडी) अजिबात बुडवू नका, आत लाकूड असतं.

सराफाकडचं एक्सआरएफ मशीन (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं) वरच्या थरापुरतंच वाचतं. जाड मुलाम्यावर ते फसतं, म्हणून दोन्ही तपासण्या करा. डाख दिलेल्या (धातू वितळवून सांधलेल्या) जागेवर मशीन धरू नका, तिथे चांदी कमीच भरते.

फसलीवाला: १३१० हे हिजरी का फसली (महसुली वर्ष), ते आधी ठरवा. आपल्याकडच्या जुन्या महसुली कागदांवर फसली सालच असतं. हिजरी धरलं तर १८९२-९३, फसली धरलं तर ५९० मिळवून १९००-०१. उस्मान अली खान गादीवर आले १९११ साली. म्हणजे कसंही मोजलं तरी काळ त्यांच्या आधीचे निजाम महबूब अली खान यांचा. निजाम म्हणून उस्मान अलींसाठी घडवला, हे सालाशी जुळत नाही. पुढे त्यांनी वापरला असेल, पण त्याला यादी, फोटो किंवा जुनी पावती हवी. ती नसेल तर राजघराण्याच्या नावाचा एक रुपयाही जास्त देऊ नका. चांदी आणि कारागिरीची किंमत द्या.

आणखी एक, दोन्ही हिशोबांनी वस्तू १०० वर्षांवरची आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानं ती खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही.

कसोटी: घेतलाच तर चांदीचे भाग वर्तमानपत्रात गुंडाळू नका आणि रबरबँड तर मुळीच लावू नका. रबरातल्या गंधकानं जिथे टेकेल तिथे काळी रेघ उमटते. धुतलेल्या मलमलीत गुंडाळून सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात ठेवा.