आठव्या महिन्यात दहा तास उभं राहायचं? गरोदर कामगार बायकांच्या हक्कांवर चर्चा

धागाकर्ती: माझी मावसबहीण कपड्यांच्या दुकानात सेल्सला आहे. आठवा महिना, दहा तास उभी. स्टूल मागितलं तर मालक म्हणाले, गिऱ्हाईकासमोर बसलेलं बरं दिसत नाही. २६ आठवड्यांची पगारी रजा सगळ्यांना माहीत असते. पण प्रसूती लाभाच्या कायद्यातच हेही आहे की बाईने मागणी केली तर प्रसूतीच्या तारखेआधीच्या साधारण दहा आठवड्यांत तिला जड किंवा फार वेळ उभं राहण्याचं काम देता येत नाही. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या सगळ्याच कामगारांना बसायचा हक्क दिला. आपल्याकडेही हवा.

लघुउद्योजक, भोसरी: स्टूल द्यायलाच हवं. पण रजेचा सगळा भार एकट्या मालकावर का? माझ्याकडे चौदा माणसं आहेत. ३५ हजारांची डिझायनर रजेवर गेली की सहा महिन्यांचे २ लाख १० हजार, वर बदली माणसाचा पगार. २०१७ला सरकारने १२चे २६ आठवडे केले, पैसे मात्र आमचे. म्हणून नवं लग्न झालेली मुलगी मुलाखतीला आली की मालक बिचकतो. चूक आहे, पण होतं.

वैशाली: "पण होतं" म्हणून सोडून कसं देता? २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या, ईएसआयमधल्या (कामगारांच्या सरकारी विमा योजनेतल्या) बाईच्या रजेचा पगार ईएसआय भरतं, मालक नाही. तिला तरी कुठे टिकू देतात? पोट दिसायला लागलं की "घरी आराम कर" म्हणत राजीनामा लिहून घेतात, कारण रजेवर असताना काढणं बेकायदा आहे.

लघुउद्योजक, भोसरी: राजीनामा लिहून घेणाऱ्याला दंड कराच. पण ईएसआय चालतं ते सगळ्यांची वर्गणी एकत्र जमते म्हणून. वरच्या पगारालाही तेच लावा. ज्याच्याकडे सगळे पुरुषच आहेत, त्यानेही भरावी.

बीडकर: तुमच्याकडे निदान पगाराची स्लिप आहे. आमच्याकडे ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे दोघांची जोडी एकच धरतात. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, आधीच घेतलेली, एक दिवस खाडा पडला की दंड. नवव्या महिन्यात डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर चढणाऱ्या बाया मी पाहिल्यात. मजूर पुरवणारा मुकादम साखर कारखान्याकडे बोट दाखवतो, कारखाना मुकादमाकडे. मागणी करायची कुणाकडे?

धागाकर्ती: ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचं ठरलेलं आहे. बाळंतपणात बुडालेली मजुरी त्यातून द्यायला काय हरकत आहे?

बीडकर: द्या की. पण आधी खाड्याचा दंड बंद करा. उचल फिटेपर्यंत मुकादम बाईला फडावरून हलू देत नाही.