संघटित गुन्हेगारीविरुद्ध शासनाबरोबर काम करताना संस्थेने आपली जागा कशी राखावी?

ओसरी

नमस्कार. आमची संस्था लहान आहे. खंडणी आणि बेकायदा सावकारी यांच्या कचाट्यात सापडलेल्या कुटुंबांसाठी आम्ही नऊ वर्षे काम करत आहोत. या दोन्ही धंद्यांमागे बहुतेक वेळा एकच टोळी असते, हे त्या कुटुंबांना ठाऊक असते आणि यंत्रणेलाही ठाऊक असते. तरीही फिर्याद क्वचितच नोंदवली जाते. आता प्रशासनाने पोलीस, सरकारी वकील आणि तीन स्वयंसेवी संस्था यांची संयुक्त समिती नेमण्याचे ठरवले असून सामंजस्य कराराचा मसुदा आमच्याकडे पाठवला आहे. मसुदा दोन पानांचा आहे. ‘संस्थांनी त्यांच्याकडे उपलब्ध होणारी माहिती समितीस वेळोवेळी सादर करावी’ असे त्यात एक कलम आहे. शासनाने काय करावे याबद्दल मात्र ‘सर्वतोपरी सहकार्य’ एवढ्या शब्दांपलीकडे काहीही नाही.

लोक आमच्याकडे येतात, कारण त्यांना विचारल्याशिवाय त्यांचे नाव आम्ही कुठेही जाऊ देत नाही. हे कलम मान्य केले, तर उद्या आम्हाला खबरी समजले जाईल, आणि तो समज चुकीचा आहे असे मला म्हणता येणार नाही. पाच वर्षांपूर्वी एका दुकानदाराने आमच्या आग्रहावरून तक्रार दिली. त्याच दिवशी संध्याकाळी त्याचे नाव टोळीपर्यंत पोहोचले. ते कोणत्या टेबलावरून गेले हे आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही. आठवडाभरात ते कुटुंब घर सोडून निघून गेले. त्या माणसाला धीर आम्हीच दिला होता, याचे ओझे मी अजून वागवतो आहे. दुसरीकडे, समितीत न जाण्याचा निर्णयही सोपा नाही, कारण ज्या दाराशी आम्ही इतकी वर्षे ताटकळत उभे होतो ते प्रथमच आतून उघडले जात आहे.

अशी भागीदारी जगात कुठे टिकली, ती कशामुळे टिकली, आणि करारात नेमके काय लिहून घ्यावे, यावर जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

दीपमाळ

तुमचा सारा मसुदा माहितीभोवती फिरतो आहे, आणि मूळ चूक तिथेच आहे असे मला वाटते. आधी जोखीम कोण उचलणार हे ठरले पाहिजे. खंडणीचा हिशेब साधा असतो: नकार देणारा एकटा असेपर्यंत त्याला संपवणे टोळीला परवडते, आणि नकार देणारे शंभर झाले की परवडेनासे होते. नागरी संघटना आणि शासन एकत्र येतात ते हा हिशेब उलटवण्यासाठी, आणि हे दोघांपैकी कोणालाही एकट्याने जमत नाही.

इटलीतील सिसिली बेटावरील दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. पालेर्मोचे कापड उद्योजक लिबेरो ग्रासी यांनी १० जानेवारी १९९१ रोजी स्थानिक वृत्तपत्रात खंडणीखोराला उद्देशून खुले पत्र लिहिले आणि आपण पैसे देणार नाही असे जाहीर केले. शहरातील इतर उद्योजक त्यांच्या पाठीशी उभे राहिले नाहीत. २९ ऑगस्ट १९९१ रोजी त्यांची हत्या झाली. त्याच बेटावरील कापो द’ओर्लांदो या छोट्या गावात मात्र व्यापाऱ्यांनी डिसेंबर १९९० मध्ये संघटना बांधली, एकत्र येऊन तक्रारी दिल्या, न्यायालयातही ते एकमेकांच्या सोबतीने उभे राहिले, आणि आरोपींना शिक्षा झाल्या. धैर्य दोन्हीकडे होते. पण गावात खटला चालवणारे सरकारी वकील आणि संरक्षण देणारे पोलीस यांच्यासमोर एक माणूस नव्हता, एक समूह होता. त्यामुळे शासनालाही संरक्षण देणे शक्य झाले आणि टोळीला सूड घेणे अवघड झाले.

पालेर्मोला ही गोष्ट साधायला आणखी तेरा वर्षे लागली. २००४ साली काही तरुणांनी एका रात्रीत शहरभर चिठ्ठ्या चिकटवल्या. हप्ता देणारी जनता ही स्वाभिमान गमावलेली जनता होय, अशा आशयाचा मजकूर त्यांवर होता. त्यातून ‘अद्दियोपिझ्झो’ ही चळवळ उभी राहिली. या तरुणांनी व्यापाऱ्यांना नुसता उपदेश केला नाही. हप्ता न देणाऱ्यांकडूनच खरेदी करू, अशी जाहीर हमी देणाऱ्या हजारो ग्राहकांच्या सह्या त्यांनी आधी गोळा केल्या, आणि ती यादी हाती आल्यावर ते व्यापाऱ्यांकडे गेले. २००७ मध्ये ग्रासी यांच्याच नावाने ‘लिबेरो फुतूरो’ ही संघटना स्थापन झाली. तक्रार द्यायला निघालेल्या व्यापाऱ्याची पहिल्या दिवसापासून खटला संपेपर्यंत सोबत करणे, हे तिने आपले काम मानले.

आता शासनाची बाजू पाहा. इटलीत १९९९ च्या ४४ क्रमांकाच्या कायद्याने खंडणीला नकार दिल्यामुळे नुकसान सोसावे लागलेल्यांना भरपाई देणारा निधी उभा केला. त्यासाठीचा अर्ज पीडित स्वतः करू शकतो, किंवा त्याच्या संमतीने शासकीय यादीत नोंदलेली संघटनाही करू शकते. ‘संमतीने’ हा शब्द कायद्यातच आहे, हे तुमच्या दृष्टीने मोलाचे आहे. म्हणून तुमच्या करारात माहितीच्या कलमाआधी शासनाच्या जबाबदारीचे कलम हवे: तक्रारदाराला संरक्षण किती तासांत मिळेल, व्यवसाय बंद ठेवावा लागला तर भरपाई कोणत्या तरतुदीतून मिळेल, आणि नाव फुटल्यास चौकशी कोण करील. या तिन्हींची उत्तरे जोवर कोरी आहेत, तोवर जोखीम तुमच्या आणि त्या कुटुंबाच्याच गळ्यात राहील.

तटस्थ

दीपमाळ यांच्या म्हणण्याशी मी सहमत आहे, परंतु एक काळजी आहे. टोळीला यंत्रणेतून साथ मिळत असेल, तर यंत्रणेला अधिक जवळ केल्याने धोका वाढतो. ओसरी यांनी सांगितलेला प्रसंग हेच दाखवतो. त्यांच्या संस्थेचा हेतू शुद्ध होता, ती व्यक्ती धैर्यवान होती, आणि तरीही एका फुटलेल्या नावाने सगळे वाया गेले.

या प्रश्नाला हाँगकाँगने १९७४ साली दिलेले उत्तर अभ्यासण्यासारखे आहे. त्या काळी तेथील पोलीस दलातच हप्ते गोळा करून ते वाटून घेणाऱ्या साखळ्या होत्या. १९७३ मध्ये चौकशी सुरू असलेला एक वरिष्ठ पोलीस अधिकारी देश सोडून निसटला आणि लोक रस्त्यावर उतरले. त्यानंतर जो भ्रष्टाचारविरोधी स्वतंत्र आयोग स्थापन झाला तो पोलिसांच्या अधीन नव्हता. तपास, प्रतिबंध आणि लोकसंपर्क असे त्याचे तीन विभाग करण्यात आले. तिसऱ्या विभागाला तपासाच्या बरोबरीचे स्थान मिळाले, ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आयोगाच्या तपासकामावर नजर ठेवणारी आणि मुख्यतः शासनाबाहेरील नागरिकांची समितीही आहे. तक्रार कोणाकडे द्यायची याचा दुसरा मार्ग उपलब्ध झाला, आणि दिलेल्या तक्रारीचे पुढे काय झाले हे विचारणारे बाहेरचे लोक नेमले गेले. अर्थात हे सरळ घडले नाही. १९७७ मध्ये पोलिसांनी आयोगाविरुद्ध उघड बंड केले आणि शासनाला जुन्या प्रकरणांत अंशतः माफी जाहीर करावी लागली. शासन कधी कधी मागे हटते, हे गृहीत धरूनच संस्थेने आपली घडी बसवावी.

यातून तुमच्यासाठी एवढेच सांगेन की, ज्या कार्यालयातून नाव फुटले त्याच कार्यालयाकडे तक्रारी पाठवण्याची एकमेव वाट करारात मान्य करू नका. सरकारी वकिलांकडे किंवा न्यायिक अधिकाऱ्याकडे थेट जाण्याची सोय मागा, आणि नाव कोणाकोणाच्या नजरेखालून गेले याची नोंद ठेवण्याचा आग्रह धरा. अशी नोंद असती, तर पाच वर्षांपूर्वी ते टेबल कोणते होते हे कळले असते.

पैशाबद्दलही बोलले पाहिजे, जरी तो विषय आपल्याकडच्या कार्यकर्त्यांना अवघड वाटतो. इटलीत लुइजी चोत्ती या धर्मगुरूंनी १९९५ मध्ये स्थापन केलेल्या ‘लिबेरा’ या संघटनेच्या मोहिमेत दहा लाख सह्या जमल्या. त्यातून १९९६ चा १०९ क्रमांकाचा कायदा झाला आणि माफियाकडून जप्त केलेल्या जमिनी व इमारती सामाजिक कामासाठी देण्याचा मार्ग खुला झाला. शासनाने जप्ती करावी आणि समाजाने त्या जागेचा उपयोग करून दाखवावा, अशी ही फार सुंदर विभागणी आहे. पण त्याच देशात पालेर्मोमध्ये जप्त मालमत्तांचे काम पाहणाऱ्या एका न्यायाधीशांना त्या मालमत्तांच्या व्यवस्थापनातील भ्रष्टाचारासाठी २०२० मध्ये शिक्षा झाली. माफियाविरोधी म्हणून मिळालेली प्रतिष्ठा ही तपासणीपासून सुटण्याची ढाल होऊ शकते, मग ती न्यायाधीशाची असो, मंत्र्याची असो की आपल्यासारख्या संस्थेची असो. म्हणून समितीचा आणि तुमच्या संस्थेचा, दोघांचाही हिशेब बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून तपासून प्रसिद्ध व्हावा, हे तुम्हीच सुचवा.

पाऊलवाट

मी मानवी तस्करीतून सुटलेल्या स्त्रियांच्या आश्रयगृहात बारा वर्षे काम केले आहे. माहितीच्या कलमाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ते या शब्दांत अजिबात मान्य करू नये.

आमच्याकडे सुरुवातीला असे होत असे की सुटका झालेल्या स्त्रीला दुसऱ्याच दिवशी जबाबासाठी नेले जाई. ती घाबरलेली असे, दलालाने तिच्या घरच्यांना धमकावलेले असे, आणि ती जे सांगे ते तुटक असे. पुढे न्यायालयात त्यातल्याच विसंगतींवर बचाव पक्ष बोट ठेवी, आणि मग ‘साक्षीदार फितूर झाली’ असा शेरा पडे. फितूर हा शब्द मला फार अन्यायाचा वाटतो. तिला उभे राहायला कोणी वेळच दिलेला नसे. नंतर एका समजूतदार अधिकाऱ्यांच्या काळात आम्ही ठरवले की पहिले काही आठवडे तिच्याशी केवळ आश्रयगृहातले लोक, डॉक्टर आणि समुपदेशक बोलतील, आणि जबाब द्यायचा की नाही हे ती नंतर ठरवील. जबाब देणाऱ्या स्त्रिया कमी होतील अशी पोलिसांना भीती होती. आमचा अनुभव उलट आला: ज्यांनी पुढे जबाब दिला, त्यांचे जबाब टिकले.

इटलीत १९९८ च्या परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्याचे अठरावे कलम हेच तत्त्व मानते. शोषणातून सुटू पाहणाऱ्या आणि त्यामुळे धोक्यात आलेल्या व्यक्तीला राहण्याचा परवाना मिळण्यासाठी तिने फिर्याद दिलीच पाहिजे असे नाही. मान्यताप्राप्त संस्थेच्या पुनर्वसन कार्यक्रमातूनही तिला तो मिळू शकतो. मदत आणि साक्ष या दोन गोष्टी तिथे वेगळ्या ठेवल्या आहेत. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार १५ नोव्हेंबर २००० रोजी स्वीकारला गेला आणि २९ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. त्याचे चोविसावे कलम साक्षीदारांच्या संरक्षणाबद्दल, पंचविसावे पीडितांच्या साहाय्याबद्दल आणि एकतिसावे प्रतिबंधातील लोकसहभागाबद्दल आहे. मानवी तस्करीविषयीच्या पूरक करारात तर पीडितांच्या पुनर्वसनासाठी योग्य तेथे स्वयंसेवी संस्थांचे सहकार्य घेण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. प्रशासनाशी बोलताना हे दाखले सोबत न्या. ‘आम्हाला असे वाटते’ म्हणण्यापेक्षा ‘राष्ट्रांनी हे मान्य केलेले आहे’ म्हटल्याने समोरच्या अधिकाऱ्यालाही वरिष्ठांपुढे फाईल मांडणे सोपे जाते.

कलमाची भाषा मी अशी सुचवीन: ‘संस्था गुन्ह्यांच्या पद्धती, धमक्यांचे स्वरूप आणि यंत्रणेतील अडथळे यांविषयी व्यक्तीची ओळख उघड होणार नाही अशा रीतीने समितीस कळवील, व्यक्तीची ओळख पटवणारी कोणतीही माहिती त्या व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय दिली जाणार नाही, आणि संमती नाकारल्यामुळे तिला मिळणारी मदत कमी होणार नाही.’ एखाद्या बालकाच्या जिवाला तातडीचा धोका असेल, तर अपवाद करावाच लागतो. तो अपवाद मात्र नेमक्या शब्दांत लिहावा, ‘आवश्यक वाटल्यास’ असे मोघम शब्द त्यात येऊ देऊ नयेत.

आणखी एक. आमची ती व्यवस्था त्या अधिकाऱ्यांची बदली झाल्यावर दोन महिन्यांत मोडली, कारण ती कुठेही लिहिलेली नव्हती.

ओसरी

तिघांचेही मनापासून आभार. पाऊलवाट यांचे शेवटचे वाक्य वाचून मी बराच वेळ थांबलो, कारण आताच्या समितीमागेही एकाच अधिकाऱ्याची कळकळ आहे आणि त्यांची बदली कधीही होऊ शकते. करारावर व्यक्तीने नव्हे, तर पदाने सही करावी, आणि पद सोडणाऱ्याने नव्या अधिकाऱ्याबरोबर आमची एक बैठक घेऊनच कार्यभार द्यावा, असे कलम आम्ही घालत आहोत. माहितीचे कलम सुचवल्याप्रमाणे बदलून पाठवतो. इतर दोन संस्थांशीही बोलणे झाले आहे. तिघींनी एकच मसुदा पाठवायचा आणि कोणीही स्वतंत्रपणे सही करायची नाही, असे ठरले आहे.

तटस्थ, नोंदवहीची सूचना प्रशासनाला आरोपासारखी वाटेल, अशी मला धास्ती आहे. ती कशी मांडावी?

तटस्थ

ती सर्वांसाठी मागा, स्वतःच्या संस्थेपासून सुरुवात करून. तुमच्या कार्यालयात नाव कोणी पाहिले, याचीही नोंद त्याच नमुन्यात ठेवण्याची तयारी दाखवा. पाच वर्षांपूर्वीचे नाव आपल्याकडून फुटले नाही, हेही तुम्ही आज पुराव्यानिशी सांगू शकत नाही. प्रामाणिक अधिकाऱ्यांनाही अशी नोंद हवी असते. संशय आला की तो त्यांच्यावरही येतो.

ओसरी

खरे आहे. तसा विचार मी आजवर केला नव्हता, आणि तो करायला हवा होता.

घर सोडून गेलेल्या त्या दुकानदाराला काल फोन केला. नाव न सांगता त्यांचा अनुभव समितीच्या पहिल्या बैठकीत मांडू का, असे विचारले. त्यांनी पत्नीशी बोलण्यासाठी दोन दिवस मागितले आहेत. त्यांचे उत्तर येईपर्यंत मसुद्यासोबतच्या टिपणातून तो प्रसंग मी वगळला आहे.