परसदारी येणारे हिवाळी पाहुणे: दाणे ठेवावेत की नकोत?

अबोली (नाशिक)

नमस्कार. नाशिकच्या वेशीवर आमचे जुने बैठे घर असून त्यामागे लहानसे परस आहे. त्यात कढीपत्ता, पेरू, दोन जास्वंदी आणि भिंतीलगत शेवगा आहे. सासूबाई रोज सकाळी तिथे मूठ-दोन मुठी तांदळाच्या कण्या टाकत असत. गुडघ्यांमुळे आता त्यांना पायऱ्या उतरवत नाहीत, म्हणून तो नेम मी चालवते आणि त्या खिडकीत बसून पाहतात. पूर्वी दहा-बारा चिमण्या येत असत. या वर्षी दिवाळीनंतर मात्र पारव्यांची संख्या तीस-चाळीसवर गेली असून चिमण्या कुंपणावर बसून राहतात, खाली उतरत नाहीत.

याखेरीज दोन पक्षी असे येतात, की जे कण्यांकडे पाहतही नाहीत. एक तपकिरी रंगाचा असून कपडे वाळत घालायच्या तारेवर बसतो आणि आपली विटकरी शेपूट सतत थरथरवतो. दुसरा जास्वंदीवर असतो. तो इवलासा, पिवळ्या पोटाचा असून हनुवटीपासून पोटापर्यंत दौतीतली शाई ओघळावी तशी काळी रेघ आहे. निफाडकडे पारा उतरू लागला की त्यांची उपासमार होत असेल, असे सासूबाईंना वाटते. त्यांच्यासाठी काय ठेवावे, आणि कण्या चालू ठेवाव्यात का?

माळरान (पुणे)

अबोलीताई, आपण वर्णन इतके नेमके केले आहे की ओळख पटवायला छायाचित्राची गरज उरत नाही. तारेवरचा पक्षी म्हणजे थिरथिरा, आणि रंग तपकिरी म्हणता त्यावरून बहुधा मादी; नर काळपट असून त्याचे पोट गडद नारिंगी असते. हिमालय आणि मध्य आशियात वीण उरकून हे पक्षी सप्टेंबर-ऑक्टोबरपासून आपल्याकडे उतरतात आणि एप्रिलपर्यंत परततात. जास्वंदीवरचा जांभळा शिंजीर आहे. तो पाहुणा नसून बारमाही रहिवासी आहे, पण विणीचा हंगाम संपल्यावर नराचा निळा-जांभळा झगमगाट उतरतो आणि तो मादीसारखा पिवळा होतो. काळी रेघ तेवढी उरते. जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत लक्ष ठेवलेत तर त्या रेघेच्या दोन्ही बाजूंनी गडद ठिपके वाढत जाऊन पक्षी पुन्हा जांभळा होताना आपल्याला खिडकीतूनच दिसेल.

दोघेही दाणे खाणारे नाहीत. थिरथिरा तारेवरून जमिनीवर झेप घेतो ती मुंग्या, भुंगेरे, अळ्या टिपण्यासाठी. आणि शिंजिराला मध हवा, सोबत कोळी आणि बारीक किडेही. करडा धोबी, वटवटे, माशीमार हे बाकीचे हिवाळी पाहुणेही मुख्यतः किड्यांवरच जगतात. ते उत्तरेची थंडी टाळून इथे येतात, कारण इथल्या हिवाळ्यात किडे मिळतात. त्यामुळे उपासमारीची काळजी सासूबाईंनी करू नये. त्यांच्यासाठी करण्यासारखी गोष्ट एकच, ती म्हणजे परस फार स्वच्छ न ठेवणे. शेवग्याखालचा पाचोळा पेटवू नका, कोपऱ्यात तसाच राहू द्या आणि झाडांवर कीटकनाशक फवारू नका. शिंजिरासाठी साखरेचे पाणी टांगण्यापेक्षा जास्वंदीची छाटणी पुढे ढकलणे बरे. कढीपत्त्याला फळे धरली की बुलबुल आपणहून येतील.

कण्यांविषयी थोडे कटू वाटेल असे लिहितो. उघड्यावर रोज एकाच जागी पडणारे धान्य पारव्यांनाच पोसते, आणि त्यांची वाळलेली विष्ठा व पिसांची धूळ श्वासावाटे सतत आत गेल्यास काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होऊ शकते. मुंबईतल्या कबुतरखान्यांचा वाद २०२५ मध्ये उच्च न्यायालयात गाजला, त्यामागेही हेच कारण होते. घरात वयस्कर व्यक्ती असताना मी तरी कण्या बंद करीन.

सांजवेळ (मिनेसोटा)

आमच्याकडची परिस्थिती वेगळी असल्याने मुद्दाम लिहीत आहे, कारण पक्ष्यांसाठी दाणीपात्र टांगण्याची जी दृश्ये आपण पाहतो ती बहुधा इकडची असतात. जानेवारीत इथे सकाळी उणे २० अंश असते, दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो आणि किडे दिसत नाहीत. चिकॅडी हा आपल्याकडच्या रामगंगा नावाच्या लहान पक्ष्याच्या कुळातला पक्षी. तो रात्री शरीराचे तापमान बरेच खाली आणून तग धरतो आणि उजाडताच सूर्यफुलाचे एकेक बी उचलून फांदीवर नेतो, पायांत धरून चोचीने फोडतो. अशा कडाक्यात सूर्यफुलाच्या बिया आणि चरबीच्या वड्या यांचा त्यांना खरोखर आधार होतो. तरीही चिकॅडी आपले बहुतांश अन्न रानातूनच मिळवतात.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखीच लागू आहे. एकाच भांड्यावर खूप पक्षी जमले की रोग पसरतो. २०२१ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या अनेक भागांत पाइन सिस्किन पक्षी साल्मोनेला या जिवाणूच्या संसर्गाने मेले, तेव्हा दाणीपात्रे उतरवून ठेवण्याची सूचना निघाली होती. आमच्या अंगणातही दोन पक्षी पिसे फुगवून, डोळे मिटून बसलेले आढळले होते. त्या दिवसापासून दर आठवड्याला पात्र धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय मी पुन्हा भरत नाही.

कुंभारवाडा (सातारा)

माळरान यांचे बहुतेक म्हणणे मान्य आहे, परंतु चिमण्यांचा घास सरसकट बंद करावा हे मला पटत नाही. दोन-तीन आठवडे धान्य पूर्ण थांबवा म्हणजे पारवे दुसरीकडे वळतील. त्यानंतर दीड-दोन इंची चौकटीच्या जाळीचा लहान पिंजरा करून तो जास्वंदीच्या आडोशाला टांगा, आणि त्यात सकाळी संपेल इतकीच मूठभर बाजरी ठेवा. चिमणी आत शिरते, पारवा शिरत नाही. शिळा भात, पाव, फरसाण मात्र कधीही नको.

बाजरीइतकेच महत्त्व पाण्याला द्यावे. हिवाळ्यात पाऊस नसतो, परसातली डबकी आटलेली असतात. मातीचे पसरट भांडे घ्या, पाणी दोन बोटांपेक्षा खोल नको, मध्ये एक खडबडीत दगड ठेवा. पाणी रोज बदलाच, पण आठवड्यातून दोनदा भांडे आतून घासूनही काढा, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटलेली असतात आणि नुसते पाणी ओतून ती जात नाहीत.

अबोली (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. कण्या थांबवून आज अठरा दिवस झाले. पहिले चार-पाच दिवस पारवे गच्चीच्या कठड्यावर वाट पाहत बसले, तेव्हा सासूबाईंना फार वाईट वाटले. आता सात-आठच येतात. पिंजरा अजून केलेला नाही. परातीएवढे मातीचे भांडे मात्र खिडकीसमोर ठेवले आहे. काल दुपारी थिरथिरी दगडावर उतरली, दोनदा मान बुडवली आणि पंख फडफडवून सगळे पाणी काठाबाहेर उडवले. सासूबाईंनी जुन्या दिनदर्शिकेच्या मागे रोजची नोंद सुरू केली आहे. फेब्रुवारीच्या मध्यात परसदारच्या पक्ष्यांची चार दिवसांची गणना असते, असे कळले. त्यात किमान पंधरा मिनिटे निरीक्षण करायचे असते ना? खिडकीत बसून केलेली नोंद चालते का, तेवढे कुणी सांगावे.

माळरान (पुणे)

चालते. वेळ सुरू केल्यापासून दिसलेला प्रत्येक पक्षी लिहा, पारवेसुद्धा.